गिऱ्हाईक कोण?

भोसरीत किंवा चाकणात एखाद्या कारखान्यातून तांब्याची तार चोरीस गेली, तर पोलीस चोराच्या झोपडीकडे वळण्याआधी भंगारवाल्याचे गोदाम गाठतात. घेणारा नसता तर चोरणाऱ्याने ती तार काय उशाशी घेऊन निजावयाचे होते, असा त्यांचा रोकडा हिशेब असतो. आणि तो चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा हा चोराचा पाठीराखा होय, हे तत्त्व कायद्यास मान्य आहे, समाजास मान्य आहे, आणि ज्यांच्या सोसायटीतील पाण्याचा पंप एकदा तरी चोरीस गेला आहे अशा गृहस्थांस तर ते फारच मान्य आहे. मग हाच हिशेब तांब्याच्या तारेऐवजी माणसाच्या मूत्रपिंडास लावण्याची वेळ आली, म्हणजे आमची बुद्धी एकाएकी इतकी हळवी का होते, एवढाच प्रश्न मला येथे विचारावयाचा आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याची हकीकत वर्तमानपत्रांतून आली. दुधाच्या धंद्यासाठी त्याने सावकारांकडून १ लाख रुपये काढले होते. गाई दगावल्या, पिकाने दगा दिला, आणि व्याजावर व्याज चढून त्या एका लाखाचे ७४ लाख झाले, असे त्याने आपल्या तक्रारीत म्हटले होते. जमीन विकली, ट्रॅक्टर विकला, घरातील चीजवस्तू विकल्या. शेवटी विकण्याजोगे शरीर तेवढे उरले. तो दलालाच्या मार्फत कंबोडियात गेला आणि तेथे ८ लाख रुपयांस आपले एक मूत्रपिंड देऊन परत आला. सावकारांस अटक झाली, दलालांचा माग काढणे सुरू झाले, आणि आमच्या निगडी-प्राधिकरणातील ज्येष्ठ मंडळींच्या कट्ट्यावर आठ-दहा दिवस दुसरा विषय नव्हता. सावकारास भर चौकात उभे करावे असे एकाने म्हटले. सरकार झोपले आहे असे दुसऱ्याने म्हटले. तिसऱ्याने अलीकडच्या डॉक्टरांविषयी जे म्हटले ते छापण्याजोगे नाही. परंतु ते मूत्रपिंड गेले कोठे? ते काही कंबोडियाच्या पदार्थसंग्रहालयात ठेवले गेले नाही. ते कोणाच्या तरी पोटात आज बिनतक्रार काम करीत असेल. तो मनुष्य सकाळी उठून चहा घेत असेल, नातवास शाळेच्या बसपर्यंत पोहोचवीत असेल, आणि शेजारी त्यास 'बरे झालात, देवाची कृपा' असे म्हणत असतील. त्याच्याविषयी कट्ट्यावरील एकाही गृहस्थाने अक्षर उच्चारले नाही. मीही उच्चारले नाही. त्याचे कारण पुढे सांगेन.

ही गोष्ट चंद्रपूरची म्हणून दूरची मानण्याचे कारण नाही. सावकारी कर्ज आणि मूत्रपिंड यांची सांगड अकोल्यास २०१५ सालीच उघडकीस आली होती. पुढे जुलै २०१६ मध्ये पवईच्या हिरानंदानी रुग्णालयातील एक शस्त्रक्रिया ऐन वेळी थांबवावी लागली. कारण रोग्याची पत्नी म्हणून मूत्रपिंड देण्यास आलेली स्त्री त्याची पत्नीच नव्हे, अशी तक्रार झाली. आणि मार्च २०२२ मध्ये हा प्रकार आमच्या उंबरठ्याशी येऊन ठेपला. कोल्हापूरकडील एका स्त्रीने १५ लाखांच्या वायद्यावर, रोग्याची पत्नी असे सोंग घेऊन, पुण्याच्या रूबी हॉल क्लिनिकमध्ये मूत्रपिंड दिले. ठरलेली रक्कम हाती पडेना तेव्हा तिनेच तोंड उघडले. आणि मे २०२२ मध्ये कोरेगाव पार्क पोलिसांनी १५ जणांवर गुन्हा नोंदविला. कागदपत्रांची छाननी करून मान्यता देण्याचे काम शासनाच्या प्राधिकार समितीचे असते. त्या समितीवर असलेले ससून रुग्णालयाचे माजी अधीक्षक यांस याच प्रकरणात २०२५ साली अटक झाली. कोण दोषी व कोण निर्दोष हे न्यायालय ठरवील, ते ठरविण्याचा अधिकार मला नाही. माझ्या मनास लागली ती निराळीच गोष्ट: त्या पंधरा जणांत ती स्त्रीही होती. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे अवयवाचे पैसे देणारा आणि घेणारा हे दोघेही सारखेच गुन्हेगार. २०११ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा पाच ते दहा वर्षांची, आणि दंड २० लाखांपासून १ कोटीपर्यंत. म्हणजे जिला १५ लाखांसाठी पोट चिरून घ्यावे लागले, तिने २० लाखांचा दंड भरावयाचा! कायदा करणारांनी हिशेब कोणत्या वहीत मांडला, कोण जाणे.

या कायद्याविषयी आम्हा महाराष्ट्रीयांस थोडा अभिमान वाटावा अशीही एक गोष्ट आहे. हा विषय राज्यांच्या अखत्यारातील असल्यामुळे संसदेस तो कायदा आपण होऊन करता येत नव्हता. राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केले म्हणून तो झाला, आणि ते ठराव करणारी राज्ये तीन होती : गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. महाराष्ट्रास अशी निकड का भासली, हे मात्र अभिमानाने सांगण्याजोगे नाही. त्यापूर्वीच्या दशकात मुंबई हीच मूत्रपिंडांची पेठ होती. आखातातील धनिक रोगी विमानाने येत, येथल्या गरिबाचे मूत्रपिंड विकत घेत आणि परत जात. संयुक्त अरब अमिरात आणि ओमान येथील अशा १३० रोग्यांची पाहणी १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांपैकी शेकडा १८ हून अधिक रोगी वर्षभरात दगावले होते, आणि काहींस त्या खरेदीबरोबर एड्सच्या विषाणूची लागणही मिळाली होती. त्या काळी आम्ही आखातातील श्रीमंतांस नावे ठेवीत असू. आता आमच्याकडे पैसा आला आहे, आमच्या पट्ट्यातील मोटारी परदेशी जातात, आणि आमचे रोगीही परदेशी जाऊ लागले आहेत.

कायद्याने आपला सारा भरवसा नात्यावर ठेवला. आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, पती, पत्नी आणि २०११ पासून आजी-आजोबा व नातवंडे, इतक्यांनी दिले तर ते दान. त्याबाहेरचा कोणी देऊ लागला तर त्याने प्रेम, जिव्हाळा किंवा तसेच विशेष कारण समितीपुढे सिद्ध करावयाचे. दोन कुटुंबांत रक्तगट जुळत नसतील तर त्यांनी आपसांत अदलाबदल करावी, अशीही सोय त्याच दुरुस्तीने करून दिली. ही सोय फार चांगली आहे. तिने कित्येक घरे वाचली आहेत. परंतु आमचा हा पट्टा सुट्या भागांचा. अस्सल भाग महाग पडू लागला की तसाच दिसणारा बनावट भाग बाजारात कसा येतो, त्याच्यावर छापही कशी हुबेहूब उठते, हे येथील शाळकरी मुलासही ठाऊक आहे. कायद्याने नात्यास किंमत आणली; बाजाराने नाते बनवून दिले. पवईस खोटी पत्नी, पुण्यास खोटी पत्नी. आणि पुण्याच्या प्रकरणात तर अदलाबदलीचीच शस्त्रक्रिया होती, म्हणजे एका बाजूस हे भाड्याचे सौभाग्य आणि दुसऱ्या बाजूस मायलेकी. विवाहाचा दाखला, शिधापत्रिका, आधारपत्र, सारे जुळले. अशा मुलाखतींचे चित्रीकरण करावे असा नियम २०१४ पासून आहे. चित्रीकरणाच्या यंत्रास कुंकू दिसते. ते कोणाच्या पैशाने लावले आहे हे त्यास कसे दिसावे?

आता माझ्या मौनाचे कारण सांगतो.

ज्या कारखान्यात माझी तीस वर्षे गेली तेथे माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा एक स्नेही होता. दोघांनी एकाच वर्षी प्राधिकरणात घरे बांधली, एकाच वर्षी निवृत्त झालो. त्याचे मूत्रपिंड मधुमेहाने गेले. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, डायलिसिस. प्रथम तो थट्टा करी की, आपल्या शॉपमधील यंत्राचे तेल जसे आपण गाळून घेत असू तसेच हे. पुढे थट्टा कमी होत गेली. पत्नीस स्वतःस मधुमेह, त्यामुळे तिचे घेता येईना. थोरला मुलगा अमेरिकेत. त्याने दूरध्वनीवरून सर्व प्रकारची माहिती पुरविली. धाकटा वाकडला राहतो, मोठ्या पगारावर आहे. त्याच्या तपासण्यांचे एकदा निघाले, आणि मग ते निघेनासे झाले. त्याविषयी मी त्यास दोष देत नाही, दोन लहान मुलांचा बाप आहे. एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला. चहा झाला. इकडचे तिकडचे बोलून झाले. मग म्हणाला, "काका, चाकणला तुमचा तो ठेकेदार अजून ओळखीत आहे ना? त्याच्याकडे बाहेरची पुष्कळ मुले असतात. एखादा गरजू... म्हणजे त्याचेही भले होईल. आपण काही कोणाला फसवणार नाही. कागदपत्रांचे पाहणारा मनुष्य मला भेटला आहे."

वाचकांनी त्या मुलाविषयी राक्षस अशी कल्पना करून घेऊ नये. तो माझ्या मांडीवर खेळला आहे. त्याच्या डोळ्यांत त्या वेळी पाणी होते, आणि ते खोटे नव्हते. त्याने 'विकत' हा शब्द एकदाही वापरला नाही. 'गरजू', 'भले', 'मदत', 'सोय' असे सगळे सोवळे शब्द त्याने वापरले. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "पाहतो." नाही म्हटले नाही, पाहतो म्हटले. मी कोणास विचारले नाही हे खरे, परंतु पुढे आठ दिवस तो विचार माझ्या मनातून गेला नाही हेही तितकेच खरे. पहाटे फिरावयास जाताना कंपनीच्या बसची वाट पाहत उभी असलेली, डब्याची पिशवी खांद्यास लावलेली, बिहार-ओडिशा-मराठवाड्याकडची पोरे मला दिसत; आणि त्या पोरांकडे पाहताना माझी नजर त्यांच्या चेहऱ्यावर राहत नसे. ती खाली, बरगडीच्या खाली जाई. माणसाकडे अशा नजरेने पाहता येते हे मला पासष्टाव्या वर्षी कळले. म्हणून सांगतो की, हा बाजार दलालाच्या खोलीत सुरू होत नाही. तो आमच्या दिवाणखान्यात, चहाच्या कपाशी, अत्यंत सद्गदित आवाजात सुरू होतो. दलाल हा नंतर येतो. त्यास आम्ही बोलावतो.

यावर विद्वान लोकांचे काही आक्षेप असतात, आणि ते सारेच टाकाऊ नाहीत. शरीर ज्याचे त्याचे आहे. सज्ञान मनुष्याने ते खुशीने विकले तर तिसऱ्याने मध्ये का पडावे, असे एक म्हणतात. खुशीचे म्हणाल, तर तिची मोजदाद झालेली आहे. चेन्नईत मूत्रपिंड विकलेल्या ३०५ लोकांची पाहणी २००२ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. शेकडा ९६ जणांनी कर्ज फेडण्यासाठी ते विकले होते. हातात सरासरी १,०७० डॉलर पडले. आणि त्यानंतरही चारांपैकी तिघे कर्जातच होते. घराचे उत्पन्न सुमारे तिसऱ्या हिश्श्याने घटले, शेकडा ८६ जणांस प्रकृती पूर्वीसारखी राहिली नाही असे वाटले, आणि तुमच्यासारख्याच अडचणीत असलेल्या दुसऱ्याला काय सल्ला द्याल असे विचारता शेकडा ७९ जणांनी 'विकू नको' असेच सांगितले. ज्या सौद्यातून उठलेला मनुष्य दुसऱ्यास त्यात बसू नको म्हणतो, त्या सौद्यास खुशीचा सौदा म्हणणे हा भाषेचा गैरवापर होय.

दुसरा आक्षेप मला आमच्याच एका माजी व्यवस्थापकाने घातला, आणि तो या पट्ट्यातील मनुष्यासच सुचावा असा आहे. तो म्हणाला, पॉवर प्रेसवर बोटे तुटतात की नाही? १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यास जोडलेल्या परिशिष्टात अंगठ्यास शेकडा ३०, तर्जनीस १४, मध्यमेस १२ असे दर छापलेलेच होते. बोटांचा दर सरकारमान्य आहे, मग मूत्रपिंडाचाच असला म्हणून काय बिघडले? मी क्षणभर निरुत्तर झालो. मग लक्षात आले की, तो दर नव्हे, तो दंड आहे. अंगठा तुटला हे अघटित घडले, ते घडावयास नको होते, म्हणून मालकाने भरून द्यावयाचे. तो अंगठा कोणास हवा होता म्हणून नव्हे. उद्या एखाद्या श्रीमंतास अंगठ्याची गरज पडली आणि त्याने ते परिशिष्ट उघडून शेकडा ३० प्रमाणे पैसे मोजले, तर त्यास आपण नुकसानभरपाई म्हणू काय? या पट्ट्यात कामगाराचे श्रम विकत मिळतात, त्याची रात्रपाळी मिळते, कंत्राटी पद्धतीने त्याची उमेदीची दहा वर्षेही मिळतात. ते सर्व न्यायाने मिळते असे मी म्हणत नाही. पण एवढे घेऊन झाल्यावर त्याची कातडी उसवून आतले घेणे हे त्याच मालिकेतील पुढचे पाऊल आहे, म्हणून ते क्षम्य ठरत नाही. उलट पहिली पावले किती वाकडी पडली आहेत हे त्यावरून दिसते.

बाजार कायदेशीर करावा म्हणजे दलाल जाईल, असे म्हणणारेही आहेत, आणि ते इराणकडे बोट दाखवितात; तेथे १९८८ पासून शासनाच्या देखरेखीखाली पैसे देऊन मूत्रपिंड घेता येते. तेथेही विकणारा कर्जबाजारीच असतो. पण इराणला जाण्याचे कारण काय? आमच्याच देशात रक्ताचा बाजार होता. धंदेवाईक रक्तविके रुग्णालयांच्या दारांशी उभे असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयाने १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झाले. तेव्हाही म्हटले गेले की रक्त मिळणार नाही, रोगी मरतील. आज आमच्या कारखान्यांत, गणेश मंडळांत, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांस शिबिरे भरतात आणि तरुण पोरे रांगेने रक्त देतात; कित्येकदा एका बिस्किटाच्या पुड्यावर आणि प्रमाणपत्रावर. जे विकत मिळत होते तोवर आम्हांस देण्याची आठवण झाली नव्हती.

उरला तो सर्वांत जड आक्षेप. 'तुमचा बाप मरत असता तर?' त्यास माझ्यापाशी चतुर उत्तर नाही. मरणाऱ्याने जगण्याची धडपड करावी, मुलाने बापासाठी दारोदार हिंडावे, यात पाप नाही. पण त्या प्रश्नात एक लबाडी दडलेली असते : त्यात एकच बाप असतो. चाकणच्या त्या पोराच्या मागेही कोणी बाप असेल, आणि उरलेल्या एका मूत्रपिंडाचा आजार उद्या त्या पोरास झाला तर त्याच्यासाठी कोण कोणाकडे चहास जाणार आहे, हे त्या प्रश्नात येत नाही.

परदेशी जाऊन केले तर येथला कायदा मोडत नाही, अशी एक पळवाट हल्ली प्रतिष्ठित होऊ पाहत आहे. इस्तंबूल येथे २००८ साली जगभरच्या प्रत्यारोपणतज्ज्ञांनी एकत्र येऊन जो जाहीरनामा काढला, त्यात उपचारासाठीचा प्रवास आणि अवयव विकत घेण्यासाठीचा प्रवास यांत स्पष्ट भेद केला आहे. इस्राएलने त्याच वर्षी कायदा करून परदेशी विकत घेतलेल्या अवयवाचा खर्च विमा कंपन्यांनी देऊ नये असे ठरविले, आणि मरणोत्तर दानास संमती देऊन ठेवणाऱ्यास स्वतःच्या वेळी यादीत अग्रहक्क दिला. त्या देशाने गिऱ्हाइकाचा खिसा धरला, एवढेच त्यातले विशेष. आम्ही अद्याप विकणाऱ्याचा हात धरीत बसलो आहोत.

आमच्या वाचकांस 'शारदा' नाटकाची आठवण देतो. देवलांनी १८९९ साली ते रंगभूमीवर आणले तेव्हा कन्याविक्रय सर्रास चालत होता. पोरीचा बाप कांचनभट पैशासाठी राजी होता, भद्रेश्वर दीक्षित मधली दलाली करीत होता. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर विकणारा होता, दलाल होता, आणि व्यवहार दोघांच्या संमतीचा होता. देवलांनी कांचनभटाचा लोभ दाखविला, दीक्षिताची धूर्तताही दाखविली. पण साऱ्या महाराष्ट्राने हसावे म्हणून त्यांनी भर मंचावर उभा केला तो भुजंगनाथ. पांढऱ्या केसांचा, पैसेवाला, स्वतःच्या सुखासाठी दुसऱ्याचे कोवळे आयुष्य विकत घेऊ पाहणारा. त्यानंतर त्या वयात बोहल्यावर चढणाऱ्या गृहस्थास गावात 'भुजंगनाथ' म्हणू लागले, आणि जे कोणत्याही शास्त्रार्थाने झाले नव्हते ते त्या एका नावाने होऊ लागले. आमचे आजोबे-पणजोबे आमच्यापेक्षा अधिक सुशिक्षित होते असे नाही. परंतु लाज कोणास वाटावयास हवी एवढे त्यांस नेमके कळले होते. मूत्रपिंड विकत घेतलेल्या गृहस्थास आज आम्ही सत्यनारायणास बोलावतो आणि प्रकृतीची चौकशी करतो. तो भुजंगनाथाइतका हास्यास्पद नाही, कारण तो खरोखर आजारी आहे. पण बायको म्हणून परक्या स्त्रीस समितीपुढे बसविणाऱ्यास निदान एवढे तरी कळावे की, शेजाऱ्यांस ते कळले आहे.

आणि देण्याचे म्हणाल तर आमचा हात कसा आखडतो पाहा. २०२३ साली देशात १८,३७८ प्रत्यारोपणे झाली. मृत्यूनंतर अवयव देणारे होते अवघे १,०९९. एवढ्या अफाट देशात अकराशे! बाकीचे बहुतेक जिवंतांकडून घेतले गेले, आणि ते जिवंत कोण? १९९५ ते २०२१ या काळातील आकडे पाहिले तर अवयव मिळालेल्या पाच जणांत चार पुरुष. आणि जिवंतपणी देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया. म्हणजे घराबाहेर गरिबाचे आणि घराच्या आत बाईचे, असा हा आमचा शिरस्ता आहे. पत्नी देते, आई देते, बहीण देते, आणि आम्ही त्यास प्रेम म्हणतो. त्यात प्रेम असतेही; पण प्रेमाचा ओघ वर्षानुवर्षे एकाच दिशेने वाहत असेल तर जमिनीचा उतारही तपासावा.

पुणे-नाशिक रस्त्यावर, तळेगाव-चाकण रस्त्यावर दुचाकीवरची तरुण मुले पडतात. त्या दुचाक्यांपैकी कित्येक याच पट्ट्यात बनलेल्या. मेंदू मृत होतो, यंत्राने छाती हलत राहते; चार डॉक्टर किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मृत्यू निश्चित करतात. अशा एका देहातून दोन मूत्रपिंडे, यकृत, हृदय, फुप्फुसे इतके निघते, आणि पुण्यास त्यासाठी विभागीय समन्वय केंद्र आहे, यादी आहे, क्रम आहे. त्या वेळी नातेवाइकांस विचारले म्हणजे उत्तर येते : "देहाची विटंबना नको." जिवंत परक्याचे पोट फाडणे ही विटंबना नव्हे, मेलेल्या आपल्या माणसाचे फाडले तर विटंबना! मला असे वाटते की, धर्मशास्त्राचा यात फारसा संबंध नाही. विकत घेता येते हे ज्यांस मनात कोठे तरी ठाऊक असते त्यांस देण्याची निकड भासत नाही, एवढेच.

माझा स्नेही दोन वर्षांपूर्वी श्रावणात गेला. यादीत त्याचे नाव होते. पाळी आली नाही. धाकट्याला तो कागदपत्रांचा मनुष्य पुन्हा भेटला की नाही, मी विचारले नाही, आणि स्नेह्यास तर यातले काहीच कधी कळले नाही. तो घरीच, पहाटे गेला. सहा तासांच्या आत डोळे घेता येतात. मी तसे हळूच धाकट्याच्या कानावर घातले. नेत्रपेढीचा क्रमांकही माझ्यापाशी होता. तो माझ्याकडे पाहत राहिला, आणि म्हणाला, "काका, नको. बाबांना ते आवडले नसते."

मी घरी येऊन त्याच दिवशी अवयवदानाच्या संमतीचा कागद भरावयास घेतला. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि त्यांपैकी एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. एक सही कट्ट्यावरील मित्राने लगेच केली. दुसरीसाठी तो कागद मी हिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावून तो सबंध वाचला, घडी घातली आणि कपाटात विजेच्या बिलांखाली ठेवून दिला. त्यानंतर दोनदा बिले काढताना तो माझ्या हाती आला आहे. दुसऱ्या सहीची जागा अजून कोरी आहे.